काढ्याचा चोथा

पहिले सात महिने मडकं तिच्यासाठी चढायचं.
मातीचं, कानाशी तडा गेलेलं.
लोखंडाचं चालत नाही, म्हणाल्या होत्या वैद्य मू,
औषध रुसतं.

माझी पहाटेची पाळी. लानचौच्या पश्चिम आगारातून
नदीच्या काठाकाठानं जाणारी पहिली बस.
साडेतीनला उठून मी पाणी घालायचो, दोन बोटं वर,
तांगक्वेइच्या चकत्या,
अमरवेलीच्या बिया फडक्यात बांधून,
ती काळी चिकट मुळी, जिला नऊदा वाफवतात
आणि नऊदा उन्हात घालतात
(एवढा छळ कशाला, कुणास ठाऊक)
आणि सहा लाल बोरं.

तांगक्वेइ म्हणजे 'परत यायला हवं'.
मुळीचं नावच तसं आहे.
कोणी यायचं, कुठून,
हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

वास चौथ्या मजल्यावरून जिना उतरत तळाशी जायचा,
आमच्याआधी आमची बातमी घेऊन.
खालच्या यान बाई दार किलकिलं करून विचारायच्या,
'अजून?'
एवढंच.

शियाओहान. लहान थंडीच्या दिवशी जन्मली
म्हणून बापानं ठेवलेलं नाव.
वैद्यांनी सांगितलं, कूस गार आहे,
तर माझी आई म्हणाली, नावातच आहे की!
मी तेव्हा भात वाढून घेत होतो.
वाढून घेतच राहिलो.

आठव्या महिन्यात सुट्टी होती म्हणून सोबत गेलो,
नुसता, छत्री धरायला.
वैद्य मूंनी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली,
डोळे मिटले,
बराच वेळ आत कुठंतरी चालत राहिल्या,
आणि डोळे न उघडताच म्हणाल्या,
'आता तुमचा हात.'

माझा?

'जीभ दाखवा. झोप? पाय गार पडतात?
बसचं इंजिन पुढं आहे की मागं?'
पुढं, म्हटलं. माझ्या बुडाखालीच.
'किती वर्षं?'
चौदा.
त्या लिहीत राहिल्या. पेन्सिल थुंकीनं ओली करून, सावकाश.
पुडीवर नाव आलं: थान योंगकांग.
स्वतःचं नाव एवढं लांब आहे
हे मला ठाऊक नव्हतं.

घरी आई काही बोलली नाही.
ती टीव्हीचा आवाज कमी करत गेली, करत गेली,
शेवटी नुसतीच चित्रं हलत राहिली.

त्या पहाटे मडकं शियाओहाननं चढवलं.
वाटी पुढ्यात ठेवून समोर बसली, हनुवटीखाली मूठ धरून.
मी प्यालो.
सात महिने एका घोटात कळले.
'बोर?' मी हात पुढे केला.
बोरं तिनंच खाल्ली, सहाच्या सहा,
बिया एकेक करून माझ्या रिकाम्या वाटीत टाकत.

चोथा रस्त्यावर टाकायचा असतो. जुनी रीत.
ज्याचा पाय पडेल तो आजार घेऊन जातो.
तिचा चोथा मी सात महिने चौकात टाकला होता
आणि वेळेवर निघून
त्याच्यावरून स्वतःची बस नेली होती.
हे मी वैद्यांना सांगितलेलं नाही.

आता माझा टाकतो. त्याच चौकात, खांबाशी.
काल तिथं आधीच एक ढीग होता.
वाफ निघत होती त्यातून. दिव्याच्या उजेडात ओळखलं:
चकत्या, फुटलेलं फडकं, बारीक बारीक बिया.
म्हणजे या गल्लीत आणखी कुणीतरी
साडेतीनला उठतं.

पाय जपून बाजूनं निघालो होतो.
मग वळलो.
माझ्याकडे आहेच की ते,
त्यात अजून थोडं आलं तर काय बिघडलं!
दोन्ही बुटांनी तुडवला, नीट,
एखादी शेकोटी विझवावी तसा.

पहिल्या थांब्यावर एक म्हातारा चढला, नाक उडवत म्हणाला,
ड्रायव्हर, बसमध्ये कसला वास येतोय?
माझ्या तळव्याला चिकटलेल्या बिया
अॅक्सिलरेटरवर कुरकुरत होत्या.
'बसा,' म्हटलं, 'धरून बसा.'
नदीवर अजून अंधार होता.